आठ सेकंद

हर्णैला, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
खाली लाद्या फोडतात, वर मी फंक्शनं लिहिते.
टेबल थरथरतं.

माझी भाषा आळशी आहे, मी द्वारका पावसेला सांगितलं,
मागितल्याशिवाय काही करत नाही.
न संपणारी यादी दिली
तरी तीन चित्रं माग, तीनच काढेल,
बाकीचा समुद्र तिथेच.
"शहाणी आहे," द्वारका म्हणाली,
"मीपण गिऱ्हाईक उभं राहिल्याशिवाय मासा कापत नाही."

आणि इथे नाव एकदा दिलं की दिलं.
क्ष म्हणजे पाच, तर दिवेलागणीलाही पाच.
खोडायचं नाही, वर गिरवायचं नाही.
तिनं मान हलवली. लिलावातला शब्द तिला ठाऊक होता.

काम एवढंच: बंदरावरची बोली दिसावी
दापोलीत, महाडात, पुण्यात, कुणाच्याही फोनवर.
कॅमेरा खांबाला, कावळ्यांच्या भीतीनं बरणीत.
चित्र येतं, आकसतं, तुकडे होऊन पुढे सरकतं;
एकेक फंक्शन आपल्यापुरतं बघतं
आणि मागचं काही न विस्कटता पुढच्याला देतं.

फुटलं ते होड्या एकदम लागल्या तेव्हा.
मागून चित्रांचा लोंढा, पुढे चिंचोळं नेट,
आणि माझ्या आळशी भाषेत
नंतर करू म्हणून ठेवलेल्या कामांचा ढीग,
मेमरी गिळून बसलेला.

तीन रात्री गेल्या.
मग आठवली आंजर्ल्याच्या मामाच्या खाजणातली उघाडी.
एक फळी, वर बिजागरी.
खाडी चढली की पाणीच तिला मिटतं,
ओसरली की पाणीच ढकलतं.
राखणीला कुणी नसतं.
तशी फळी लिहिली, अकरा ओळींची:
पुढचा दे म्हणेल तेव्हाच मागच्यानं सोडायचं.
टाइप जुळले. मी खाली जाऊन
बर्फाचा तुकडा मानेवर धरून उभी राहिले.

शुक्रवारी इसाकभाईंचा आवाज चढला,
साडेसहाशे, साडेसहाशे, दिली.
सुरमई टेम्पोत गेली
आणि पुण्याहून कुणी सातशे बोललं.
आठ सेकंद जुन्या माशावर.
अख्खं बंदर हसलं. मीही, थोडं उशिरा.

आठाचे सहा केले, सहाचे चार.
चाराखाली उतरत नाही,
मधे डोंगर आहेत, टॉवर आहेत, दुसऱ्यांचा कोड आहे.

हल्ली द्वारका पापलेट उचलून कॅमेऱ्यासमोर धरते,
ओठांतल्या ओठांत मोजते,
मग वर माझ्या खिडकीकडे बघून ओरडते,
"पोचला गो?"
आणि इसाकभाई तोंड उघडून थांबलेले.