वार तेवढा बरोबर

गुरुवार. नऊला लाईट गेली, चारला येईल.
भट्टी गार, पॉलिशचं चाक गप्प,
आणि टेबलावर माझा आठ वर्षांचा फोन,
पाठीला पोक आलेला.
हिरडीला गळू झालं की ओठ उचलला जातो ना,
तसं मागचं झाकण उचललेलं.

तपकीर गल्लीतला मुलगा म्हणाला होता,
"मावशी, ह्याच्यात आता काही राम नाही."
म्हटलं, रामाचं मी बघते, तू बॅटरी दे.
सहाशे ऐंशी. बिल नाही, गॅरंटी नाही,
"फिटिंग तुमच्या जबाबदारीवर" हे मात्र दोनदा.

कंजूष म्हणा, चालेल.
सव्वीस वर्षं लोकांच्या कवळ्या दुरुस्त करतेय,
एक दात निखळला म्हणून कोणी तोंड बदललेलं
मी तरी पाहिलं नाही.

शेजारचा अथांग, पाचवीतला,
टीव्ही बंद म्हणून आलेला,
आईच्या फोनचा टॉर्च धरून उभा.
ड्रायर लागतो म्हणे. लाईटच नाही,
तेव्हा गॅसवर पाणी तापवलं,
कंबर शेकायच्या पिशवीत भरलं
आणि फोन तिच्यावर उताणा निजवला.
"ह्याला ताप आलाय?"
"नाही, आणतेय."

कड सुटली तिथे पीएमटीचा जुना पास सरकवला,
मागोमाग लेक्रॉन, मेण कोरायची, पातळ पात्याची,
कडेकडेनं, श्वास धरून,
साच्यातून कवळी सोडवावी तशी.
कट्!
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
काही तुटलं नव्हतं. डिंक होता.

आत माझीच आठ वर्षांची धूळ,
प्लास्टरची पांढरी, अॅक्रिलिकची गुलाबी,
आणि एक मोहरी.
कुठल्या फोडणीतली, देव जाणे.

स्क्रू अकरा, तिळाएवढे.
अथांगनं मोजून बशीत ठेवले, दोनदा मोजून.

बॅटरी उचकटायची नाही.
टोचायची तर नाहीच, पेट घेते.
दातांत फिरवायचा मेणाचा दोरा
दोन्ही तर्जन्यांना गुंडाळला,
तिच्या खालून ओढला, करवतीसारखा,
इकडे, तिकडे, इकडे,
बोटं पांढरी पडेपर्यंत.
दोऱ्याला पुदिन्याचा वास.
मग दुसरा एक वास, गोडसर,
उतरलेल्या केळ्यांसारखा.
"खिडकी उघड," म्हणताना
आवाज माझ्या नकळत वर गेला.

निघाली. गुबगुबीत, लहान बाळाच्या उशीएवढी मऊ.
बाल्कनीत विटेवर ठेवली, सगळ्यांपासून लांब.
उद्या कचऱ्यावाली विचारेल, ओला की सुका,
तिला काय सांगायचं ते उद्या.

नवी बसली. पट्टी टच्चकन लागली.
स्क्रू उलट क्रमानं: दहा.
अकरावा बशीत.
"मावशी, हा कुठला?"
सगळी भोकं भरलेली. टॉर्च जवळ आणून
पुन्हा पाहिली. भरलेलीच.
थोड्या वेळानं तो स्क्रू
अथांगच्या खिशात गेला,
मी चष्मा पुसत होते.

बटण दाबलं.
काही नाही.
दाबून धरलं. मनात एकेक करत
सहाशे ऐंशीच्या दिशेनं मोजायला लागले.
एकतीसला तो थरथरला.

पडद्यावर: पहाटेचे साडेपाच,
गुरुवार, १ जानेवारी १९७०.

मी जन्मायला अजून दोन वर्षं.
आई सासवडला, लग्नाआधीची,
ह्या वेळी उठून बंब पेटवत असेल,
डोळ्यांत धूर,
आणि मी तिच्या कुठल्याच हिशोबात नाही.
हाक मारावी इतकी जवळ वाटली,
तेवढ्यात फोनला टॉवर सापडला
आणि तो सगळी वर्षं एका दमात चढून
आजच्या दुपारी दीडला आला,
धापा टाकत, चौतीस मेसेज घेऊन.
वार तेवढा त्याला बदलावा लागला नाही.

चार्ज तीन टक्के.
लाईट यायला अडीच तास.
अथांग, टॉर्च बंद कर रे,
आईची बॅटरी जाईल.