चार मोजे

मे महिना. रात्रीचे साडेनऊ वाजलेत
आणि टे नदीवर अजून उजेड आहे.
डंडीतल्या पोरांना न झोपायला एवढं निमित्त पुरतं.
"आई, मायोसिस काही केल्या डोक्यात शिरत नाही,"
शर्वाणी म्हणाली. उद्या पेपर.

मी म्हटलं, अर्धसूत्री विभाजन.
औशाच्या शाळेत फळ्यावर, पिवळ्या खडूनं :
पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था,
आणि मग पुन्हा त्याच चार. आम्ही घोकायचो,
कळायचं कुणाला?
ती हसली. म्हणाली, मोजे आण.

लाल जोडी माझी.
करडी तिनं स्वतःच काढली, खालच्या खणातून.
तो खण तीन वर्षं कुणी उघडलेला नाही
असं मी समजत होते.

टाचेपाशी एकेक चिमटा :
हे गुणसूत्र, ही त्याची हुबेहूब नक्कल.
लाल जोडी करड्या जोडीला बिलगवून ठेवली,
मिठाच्या बरणीला टेकवून.
"आता इथे अदलाबदल होते. कात्री दे."

मी लगेच दिली नाही.
करड्याच्या अंगठ्याशी रफू होतं,
भर समुद्रात, तेलविहिरीवरच्या रात्रपाळीत
त्यानं स्वतः केलेलं, वाकडंतिकडं, निळ्या दोऱ्यानं.
"आई, हे झालं नाही तर
सगळं जसंच्या तसं पुढे जातं."
पुस्तकातलंच वाक्य असणार.

कच्.
लाल बोटं करड्याला, करडी लालला.
टाके मी घातले, तिला सुई धरता येत नाही.

मग टेबलाच्या मधोमध रांग.
मग लाल या टोकाला, करडे त्या,
ओढताना मीठ सांडलं.
दुसऱ्या फेरीत चिमटेही काढले.
एक लाल. एक करडा.
एक लाल, बोटं त्याची.
एक करडा, बोटं माझी.
"चारातला एकही दुसऱ्यासारखा नाही, बघ,"
म्हणाली, आणि जांभई देत वर गेली.

मी सवयीनं जोड्या लावायला बसले.
लागेनात.
बाहेर तेव्हा कुठे अंधारत होतं.
मीठ तसंच राहिलं.

सकाळी ती सव्वाआठच्या बसनं गेली,
दार आपटून, डबा विसरून.
टेबलावर दोनच मोजे होते,
एक लाल, एक करडा,
न शिवलेले.