वजाबाकी

सव्वीस वर्षं धान्याच्या कोठारावर मी काटा सांभाळतो.
भरलेला ट्रक येतो, आकडा लिहितो.
रिकामा होऊन परततो, आकडा लिहितो.
मधली वजाबाकी म्हणजे गहू.
गव्हात मी कधी हात घातला नाही,
तरी अख्ख्या तालुक्याचे पैसे माझ्या वजाबाकीवर चुकते होतात.

सस्कॅचेवानच्या त्या कोर्टात हे कुणी विचारलं नाही.
तिथं मला फक्त नंबर होता. सात.

आरोपी तिघं.
लारिसा प्रोकोपचुक, मयताची बायको,
राखी स्वेटर, बटणं गळ्यापर्यंत.
तिचा मावसभाऊ वेड.
आणि डॅरिल, त्यांच्या गुरांना चारा घालणारा,
सगळा खटलाभर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसलेला.

मारताना कुणी पाहिलं नाही.
हत्यार मिळालं नाही.
ओरेस्त मिळाला, एप्रिलात, बर्फ उतरल्यावर,
शेततळ्याच्या काठी,
एकाच पायात बूट.

सरकारी वकीलबाईंनी विजेचं बिल वाचलं.
आमच्याकडे उणे चौतीसला ट्रकचं इंजिन
रात्रभर वायरीला जोडून ठेवावं लागतं,
नाहीतर सकाळी त्याचा धोंडा झालेला असतो.
प्रोकोपचुकांच्या मीटरवर तो भार रोज दिसतो,
रात्री दहा ते सकाळी सहा, सरळ रेघ.
त्या रात्री ती रेघ दोन वाजून दहा मिनिटांनी तुटते
आणि चार पन्नासला पुन्हा जुळते.
लारिसाचा जबाब: ओरेस्त संध्याकाळीच कुणाच्या तरी गाडीतून गेला,
मी एकटी होते, झोपले होते.

ओरेस्तच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला तीच आणायची.
त्या महिन्यात आणल्या नाहीत.
तो नाहीसा व्हायच्या चार दिवस आधीची ही गोष्ट.

वेडनं मार्चात नवी ताडपत्री घेतली.
जुनी कुठं गेली, आठवेना त्याला.

बचावाचे वकील उंच, दमलेले, म्हणाले,
ही साखळी नाही, ह्या सुट्या कड्या आहेत.
वीज जाते. माणसं विसरतात.

खरंच जाते वीज.
खरंच विसरतात माणसं.
मी वहीत दोन्ही लिहिलं.

मग लारिसानं आपला ग्लास भरला,
दुसरा भरला,
आणि न बघता तो डॅरिलच्या हाताशी सरकवला.
ह्या गड्याशी माझं कामापुरतंच बोलणं, असं ती म्हणाली होती.
हे पुराव्यात नव्हतं. कारकुनानं टिपलं नाही.
मीही डोक्यातून पुसायला बघितलं.
काट्यावर माशी बसली तर आकडा हलतो का?
माझा जुना काटा हलायचा.

बंद खोलीत आम्ही बारा जण काय बोललो
ते सांगायला कायद्यानं मनाई आहे, बायकोलासुद्धा.
निकाल पेपरात आला. ती आणि डॅरिल दोषी. वेड सुटला.
वेडची आई आणि लारिसाची आई, सख्ख्या बहिणी.
एक उठली, एक बसून राहिली.
उठलेलीच्या हातात दोघींचे कोट होते.

त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली.
शेजारी अंथरूण रिकामं.
खाली दार वाजलं.
छताकडे बघत मी पडल्या पडल्या मिनिटं मोजली,
आणि मोजतोय म्हणून स्वतःची लाज वाटली,
तरी मोजली. सात.
स्टेफा आली, पावलं बर्फाची,
ती माझ्या पोटऱ्यांना टेकवत म्हणाली,
वायर लावायची विसरला होतास तू.

एकतीस वर्षांचा संसार आमचा.
सकाळी ट्रक पहिल्याच किल्लीला सुरू झाला.
म्हणजे लावली होती तिनं.

लावताना मी पाहिलेलं नाही.