लाकडी चिमटे

पायसांदू. नदीकाठची शेड. मॉरिसखाली नेलिदा उताणी,
बाहेर फक्त बूट.
"अर्ध्याचा पाना," हात येतो.
मी देतो.

टाकीकडून पंपाकडे जाणारी जुनी नळी तुकड्यातुकड्यांनी निघते,
रबराचा तर बोटांतच भुगा.
धुराच्या पाइपाला लगटून गेलेल्या वाकणावर
तीन चिमटे, कपडे वाळत घालायचे,
काळे पडलेले.

"जानेवारीत चढावर बंद पडायची.
पेट्रोल नळीतच उकळायचं. हा बाबांचा इलाज.
आई मात्र मरेपर्यंत
शेजारच्या एल्बाबाईंवर संशय घेत राहिली."

नवी नळी ती उलट्या अंगानं नेते,
चेसिसच्या आतून, धगीपासून वीतभर लांब.
वाकवताना घाई नाही; एकदा चेपली की गेली.
पत्र्यातून जाते तिथं रबरी कडं.
टोक फुलवताना
तिचा श्वासही ऐकू येत नाही.

किल्ली फिरवली. पंप टिकटिकला,
काचेच्या वाटीत पेट्रोल चढलं,
थांबलं.
प्रत्येक जोडावरून तिनं कोरडं बोट फिरवलं,
हुंगलं.
काही नाही.

चिमट्यांचं पुढं काय, मी विचारलं नाही.
सोमवारी ती आली
तेव्हा धुतलेल्या शर्टाच्या
दोन्ही खांद्यांवर एकेक काळा ठसा होता.