तक्त्यात नसलेला रकाना

सात रस्त्याजवळ, औषधांच्या दुकानावर
बागवान मॅडमचा दवाखाना
आणि दाराशी माझं टेबल.
मी आहाराचे तक्ते टाइप करतो.
सकाळी सात, सकाळी दहा, दुपारी एक.
साखर वाढलेल्या माणसाचा दिवस
माझ्या हातून पाच तुकड्यांत कापला जातो.

यंदा मॅडम जाड पुस्तकं वाचून आल्या.
कुठल्याशा बेटावरचे म्हातारे
पोट भरायच्या जरा आधीच उठतात म्हणे.
कुठं डोंगरात राईएवढ्या दाण्याचं पीठ
तीन दिवस आंबवतात.
कुठं समुद्राकाठी
घेवडा, लसूण, तेलाची धार
आणि एवढ्यावर शंभरी.
मी सगळं टाइप केलं.
क्विनोआतला 'क्वि' काढण्यात
अर्धा तास गेला.

बुधवारी अंबव्वा गड्डम आली,
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून.
रिपोर्टवर तीनशे बारा.
बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी.
तिनं एक बोट माझ्या कागदावर ठेवलं.
"हे काय लिहूलालाव ओ?"
दाणा आहे, म्हटलं, लांबच्या डोंगरातला.
कमी पाण्यावर येतो. पोटात हळूहळू विरघळतो.
"मग शाळूच की."

आणि ती बोलायलाच बसली.
पाऊस गेल्यावर काळ्या रानात पेरलेली,
नुसत्या दवावर
डोक्याच्या वर गेलेली मालदांडी.
काढणीला जायचो, म्हणाली,
मजुरी दाण्यात मिळायची.
अम्मा भाकरी थापायची
तर परातीचा आवाज गल्लीच्या टोकाला.
उखळात शेंगदाणे, तेल सुटेपर्यंत.
अंबाडीला ती 'गोंगुरा' म्हणाली
आणि मध्येच थांबून
तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.

मी बेटावरच्या म्हाताऱ्यांचं सांगितलं.
"अम्मा पण सांगायची,
दोन घासांची जागा ठेवा म्हणून.
ठेवायलाच लागायची ओ.
आम्ही नऊजण होतो."

मग आता काय खाता?

"रेशनचा तांदूळ. फुकट भेटतो.
ज्वारीचा भाव विचारला का तुम्ही कधी?
दिवसाला हजार विड्या.
पानं कातरायची, भरायची, दोरा गुंडाळायचा.
पीठ मळायला हात कुठनं आणू?
भूक लागली की चहा.
चहात टोस्ट."

माझ्या तक्त्यात वेळेला रकाना आहे,
पदार्थाला आहे, वाट्यांना आहे.
भावाला नाही.
हाताला तर नाहीच.

मॅडमना जाऊन सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.
"क्विनोआ खोड. भाकरी लिही."
मी खोडलं, लिहिलं.
खोडल्यानं ज्वारी काही स्वस्त झाली नाही.
दुपारी माझ्या खणातली खारी
चहात बुडवून खाल्ली
आणि पहिल्यांदा तिची लाज वाटली,
म्हणजे थोडीशी. संपवली मी.

दीड महिन्यानं अंबव्वा पुन्हा.
दोनशे चाळीस.
मॅडम म्हणाल्या, गोळीनं.
ती म्हणाली, गोळी तर आहेच,
पण घरकुलातल्या सहा बायकांनी मिळून
एक पोतं घेतलंय.
सोमवारी एकीनं थापायचं,
आठवड्याच्या कडक भाकऱ्या, सगळ्यांच्या.
तिच्या वाटणीच्या विड्या
त्या दिवशी बाकीच्या पाचजणींनी वळायच्या.
"माझ्या सोमवारी जरा जाड होतात.
कुणी बोलत नाही."

जाताना तिनं टेबलावर एक पुडकं ठेवलं.
पापडासारखी भाकरी
आणि मध्ये शेंगाची चटणी,
माझ्याच तक्त्यात बांधलेली.
मी तुकडा मोडला.
आवाज एवढा झाला
की बाकावरच्या सगळ्या साखरेनं
वर पाहिलं.

चटणीचं तेल कागदातून वर आलं होतं.
सकाळी सात गेलं होतं त्यात, दुपारचं एकही,
आणि खोडलेल्या शब्दातला
तो 'क्वि' तेवढा
अजून कोरडा होता.