अप म्हणजे वर नाही

एकतीस वर्षं मी ग्रिम्सबीत बस चालवली,
नऊ नंबरची, मासळीच्या गोदीपासून इस्पितळापर्यंत.
माझं सगळं इंग्रजी त्या एका दारातून चढलं-उतरलं:
गेट ऑन, गेट ऑफ, होल्ड ऑन, मूव्ह अलाँग.
व्याकरण म्हणून त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती.

आता दर मंगळवारी चर्चच्या तळघरात
किटलीच्या वाफेत उभा राहून
मी फळ्यावर लिहितो: पुट.
त्याला एक एवढंसं शेपूट लावतो
आणि शब्द कूस बदलतो.
पुट ऑन, कोट अंगात चढवणे.
पुट ऑफ, आजचं उद्यावर ढकलणे.
पुट आउट, दिवा, आग, रात्रीचं मांजर.
पुट अप विथ...
इथे माझा खडू अडतो.
'माझ्या खोलीतली ओल,' सुलेमानियाची शिलान म्हणते.
मला इतका अचूक अर्थ सुचला नसता.

विगान्तास कारखान्यात माशांचे काटे काढतो.
त्याचं म्हणणं, तुमचं क्रियापद म्हणजे मासाच,
फक्त काटे बाहेरून.
फोरमन ओरडतो हरी अप, क्लीन अप, शट अप;
पहिल्या आठवड्यात तीनदा त्याने छताकडे पाहिलं म्हणे,
वर काय आहे बघायला.

वर काही नाही, मी सांगितलं.
अप म्हणजे दर वेळी वर नाही.
ईट अप म्हणजे ताट पुसून खा.
ड्रिंक अप म्हणजे पब बंद होतोय, आता घरी जा.
'मग अप म्हणजे काय?' लेतेब्रहानने विचारलं.
ती इरिट्रियाची, केरेनची,
वहीला अजून पट्टीने समास आखणारी.
मी पुस्तक उलटंसुलटं चाळलं.
साठ वर्षं तोंडात असलेला दात
जिभेला पहिल्यांदाच टोचावा, तसं झालं.

'पुरतं,' शेवटी म्हणालो. 'काही उरू न देता.'
तिने उतरवून घेतलं.
मग गिव्ह अपखाली बोट ठेवून म्हणाली,
'म्हणजे सगळं देऊन टाकायचं. वर. देवाला.'
चूक, असं म्हणायला हवं होतं मी.
गिव्ह अप म्हणजे हात टेकणे, नाद सोडणे.
पण आयरीनच्या शेवटच्या आठवड्यात
डॉक्टरांनी हाच शब्द मऊ करून माझ्या हातात ठेवला होता,
आणि मी तो कुठे ठेवावा ते न कळून
पार्किंगमध्ये तासभर बसलो होतो.
मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली.
अजून खोडलेली नाही.

टर्न डाउन आम्ही ऐन थंडीत शिकलो:
रेडिओचा आवाज, हीटरची कळ, पांघरुणाचा कोपरा.
मार्चमध्ये तिच्या वकिलाचा फोन आला, भर वर्गात.
स्पीकरवर, कारण तिला नीट समजायला हवं होतं.
'दे हॅव टर्न्ड यू डाउन.'
ती क्षणभर हसलीसुद्धा.
ओळखीचा शब्द भेटला होता.
कुणीतरी आपला आवाज बारीक केलाय, एवढंच ना.
मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.
हे उदाहरण मी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

दोन मंगळवार तिची खुर्ची रिकामी.
अपील, शिलान पुटपुटली. मी जास्त विचारलं नाही.
पुल ओव्हर शिकवलं, पुल थ्रू गाळलं.

तिसऱ्या मंगळवारी, आठला दहा कमी,
किटली गार झालेली, मी फळा पुसतोय,
आणि दार ढकलून ती उगवली.
केसांतून पाणी निथळतंय,
वही प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी.
'नऊ नंबर,' ती धापा टाकत म्हणाली, 'ब्रेक डाउन.'
'ब्रोक,' मी म्हणालो. सवय. 'ब्रोक डाउन.'
'बस,' ती म्हणाली. 'मी नाही.'

विगान्तासने बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला.
'ईट अप,' फोरमनच्या आवाजात.
तिने एक उचललं,
अर्धं खाल्लं,
अर्धं रुमालात बांधून ठेवलं.