गळत नाही, कमी होतं

कन्नमवार नगर, पहाटेचे पाच चाळीस.
गाडीशेजारी उकिडवी बसते,
मोबाइलचा उजेड धरते
इंजिनच्या पोटाला असलेल्या त्या रुपयाएवढ्या काचेवर.
तिच्यातून तेल दिसतं.
दिसायचं.

रात्रभर खाली पुठ्ठा अंथरला होता.
पुठ्ठा कोरडा.
मांजर झोपून गेलं, त्याचे चार केस, बस.

पहिलं रक्त टागोर नगरात, सहा वाजता.
कर्णिककाका उपाशीपोटी दार उघडून बसलेले.
"गळून गेल्यासारखं वाटतं गं,
आणि रिपोर्ट बघावेत तर सगळे नॉर्मल."
मी रबर बांधते, मूठ आवळा म्हणते.
नळी भरली की मूठ सोडा.
मग पवई, मग भांडुपचा चढ,
थंड पेटीत दुसऱ्यांचं रक्त,
आणि सॅकमध्ये, सुयांच्या खोक्याला टेकून,
तेलाची एक लिटरची बाटली.

सर्व्हिस सेंटर एलबीएस मार्गाला. एसी, कॉफीचं मशीन.
हर्षल पाठारे, ॲडव्हायझर,
बोलताना माझ्या खांद्यामागे बघतो, गाडीवाला कुठाय ते.
गाडीवाली मीच. अठ्ठावीस हप्ते बाकी आहेत, तेही माझेच.
"लीकेज नाहीये मॅडम."
गळतंय असं मी कुठे म्हणते? कमी होतंय.
"नवीन इंजिन थोडं पितंच."
अकरा महिने?
"रेस जास्त देत असाल."
आणि जॉबकार्डवर त्याने टाइप केलं:
ग्राहकाच्या म्हणण्यानुसार तेल कमी होते.

म्हणण्यानुसार.
सबंध पवईचा रस्ता तो शब्द हेल्मेटमध्ये माझ्याबरोबर होता.

दुसऱ्या खेपेला अर्धा लिटर ओतून दिलं, बिलासकट.
तिसऱ्या खेपेला वॉरंटीचं पुस्तक मी काउंटरवर उघडलं,
पान एकोणीस, मुंगीएवढी अक्षरं,
आणि मोठ्याने वाचायला लागले.
कॉफी पिणारे दोघं वळले.

तेव्हा आतून बस्त्याव लोपीस आले, हात पुसत.
सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं,
बोटाचा वास घेतला.
"जलते हे, बाय. गळला असता तर जमिनीवर दिसला असता."
ड्रेन बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली.
"हजार किलोमीटर मार. हात नको लावू.
बाटली घरी ठेव."

एकोणीस दिवस.
काच रिकामी होत गेली आणि मी बघत राहिले,
कांजूरच्या सिग्नलला इंजिनचा आवाज ऐकत,
कुणाचं मूल तापात कण्हतंय तसं.
आईने विचारलं, टाकत का नाहीस थोडं?
पुरावा आहे गं तो.

तेल मापाच्या भांड्यात काढलं.
पाठारे उभ्यानेच वरून बघत होता.
म्हटलं, तसं नाही. वाका. डोळा रेषेला आणा.
या एका गोष्टीत माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.
चारशे सत्तर मिली गायब.
तो वाकला, पुन्हा वाकला,
आणि कंपनीला फोन लावायला आत गेला.

हेड उघडल्यावर लोपीसनी बोलावून घेतलं.
तेलाच्या रिंगची दोन टोकं एकमेकांवर चढलेली,
केसाएवढी.
कारखान्यातच. पहिल्या दिवसापासून.
मी म्हटलं, ही मला द्या.
"नाय मिळत. जुना पार्ट कंपनीला जाते."
फोटो काढू दिला मात्र, पाठारे जेवायला गेल्यावर.

आता काच भरलेली असते.
मी तरी बसतेच उकिडवी, पाच चाळीसला.
मांजराला पुठ्ठ्याची सवय झालीय.

काल कर्णिककाकांनी दंड पुढे केला.
"गळून गेल्यासारखं..."
रबर बांधायचं थांबवून विचारलं, कधीपासून?
जिने चढताना की बसल्या बसल्या?
ते बराच वेळ सांगत होते. पवईला उशीर झाला.
फॉर्मवर तशी जागा नसते.
कडेला, बारकोडच्या बाजूला लिहिलं:
दोन महिने. संध्याकाळी जास्त. जिन्यात थांबावं लागतं.
नुसतं तेवढंच.
म्हणण्यानुसार नाही लिहिलं.